लिंडाऊ की मेर्सबुर्ग? कॉन्स्टन्स सरोवराकाठचं एक गाव निवडताना

कॉन्स्टन्स सरोवराच्या जर्मन काठावर एकच गाव बघायला वेळ असेल, तर प्रश्न बहुतेकदा या दोघांपाशी येऊन अडतो. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात: लाल कौलं, निळं पाणी, पलीकडे आल्प्स. पण लिंडाऊ वाढवलं व्यापाऱ्यांनी आणि मेर्सबुर्ग बिशपांनी. फिरताना हा फरक लगेच कळतो.

लिंडाऊ हे बेट. तेराव्या शतकात ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं मुक्त नगर झालं, म्हणजे डोक्यावर कुणी सरदार नाही. इथून आल्प्स ओलांडून मिलानपर्यंत माल आणि टपाल जायचं. तो पैसा मुख्य रस्त्यावरच्या रंगीत घरांत दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वातंत्र्य गेलं आणि थोडा काळ ऑस्ट्रियाकडे राहून गाव बव्हेरिया या जर्मन राज्याकडे आलं. बव्हेरियाने मग रेल्वे थेट बेटावर आणली आणि 1856 मध्ये बंदराच्या तोंडाशी दगडी सिंह नि 33 मीटरचा दीपस्तंभ उभा केला. पोस्टकार्डावरचं ‘प्राचीन’ लिंडाऊ खरं तर आगगाडीच्या जमान्यातलं! 1951 पासून इथे नोबेलविजेत्यांची संमेलनंही भरतात.

मेर्सबुर्गची गोष्ट मला जास्त रंगतदार वाटते. समोरच्या कॉन्स्टन्स शहरात धर्मसुधारणेचं, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळीचं वारं शिरलं, तसा तिथला कॅथलिक बिशप (धर्मगुरू आणि आसपासच्या मुलुखाचा राज्यकर्ताही) 1526 मध्ये पाणी ओलांडून इथे आला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं कारभार इथूनच चालला. जुना किल्ला अपुरा वाटू लागल्यावर अठराव्या शतकात त्याच्या शेजारीच नवा राजवाडा बांधला गेला. त्याचा भव्य जिना नामांकित वास्तुकार बाल्थाझार नॉयमानच्या आराखड्यावरचा. पुढे बिशपांचं राज्य संपलं, गाव बाडेन या जर्मन राज्याकडे गेलं, द्राक्षमळे सरकारी झाले (वाइन आजही निघते) आणि रेल्वे काही गावात आलीच नाही. म्हणूनच जुनी वेस, उतरत्या गल्ल्या, लाकडी चौकटींची घरं शाबूत राहिली असावीत. किल्ला 1838 मध्ये जुन्या हस्तलिखितांचा अभ्यासक योसेफ फॉन लासबर्गने विकत घेतला. त्याची मेव्हणी, कवयित्री आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ, 1848 मध्ये तिथेच वारली. युरो येण्याआधीच्या शेवटच्या 20 मार्कांच्या नोटेवर तिचाच चेहरा होता. तिच्या खोल्या बघता येतात.

म्युनिकहून रेल्वेने एका दिवसात जाऊन यायचं असेल, किंवा सोबत आजी-आजोबा नाहीतर बाबागाडी असेल, तर लिंडाऊच घ्या. बेट बरंचसं सपाट आहे. मेर्सबुर्गच्या चढणी गुडघ्यांची परीक्षा घेतात. सुट्टीच्या दिवसांत गर्दी मात्र दोन्हीकडे.

इतिहासाची ओढ असेल आणि मुक्काम करणार असाल, तर माझं मत मेर्सबुर्गला. राहायची सोय तिथे झाली नाही तरी कॉन्स्टन्समध्ये उतरा: 1928 पासून चालणारी, मोटारगाड्याही नेणारी फेरीबोट पंधराएक मिनिटांत पलीकडे सोडते आणि रात्रीही चालू असते, त्यामुळे मेर्सबुर्गमध्ये निवांत जेवून परतता येतं.