ताडोबा-नागझिऱ्याला जाताना डासांसाठी काय न्यावं?

ऑक्टोबरात जंगलाचं कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, पर्यटकांसाठी उघडतं तेव्हा नाल्या-डबक्यांत पावसाचं पाणी असतंच, आणि डासही. शेजारच्या गडचिरोलीत मलेरिया आजही मोठा प्रश्न आहे, म्हणून ही तयारी नुसत्या खाजेपुरती समजू नका.

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, मलेरियाचा ॲनोफिलिस संध्याकाळ ते पहाट. धावत्या जिप्सीत वाऱ्यामुळे डास अंगावर टिकत नाहीत. माझ्या मते खरी जोखीम असते ती सफारीनंतर, रिसॉर्टच्या अंगणात हाफ पँट घालून गप्पा रंगतात तेव्हा. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट आणि मोजे त्या वेळेसाठी राखून ठेवा.

आता लावायचं काय? ओडोमससारखं क्रीम कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, स्वस्त आहे आणि कामही करतं, पण घामाने उतरतं, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. २०-३० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेला स्प्रे बरेच तास टिकतो. त्याची अडचण वेगळीच. डीट प्लास्टिक खातं. स्प्रे चोळलेल्या हाताने कॅमेरा धरलात की पकडीवर चिकट ठसे उमटतात, घड्याळाचा पट्टाही खराब होतो. पिकारिडिन हे असंच दुसरं रसायन, २० टक्क्यांचं असेल तर डीटच्या तोडीचं आहे, वास जवळजवळ नाही आणि प्लास्टिकला इजा नाही. साध्या दुकानात सहसा दिसत नाही, आधी मागवून ठेवावं लागतं. तरी कॅमेरा-दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी तेच घ्यावं. सिट्रोनेलाचं तेल फार तर तास-दोन तास पुरतं, बुद्ध पौर्णिमेला प्राणी पाहायला रात्रभर मचाणावर बसणाऱ्याने त्यावर विसंबू नये. मनगटपट्ट्यांवर तर पैसे घालवूच नका.

सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, डासांचं औषध त्यावर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीही लावू नका, मच्छरदाणीतच ठेवा.

झोपताना लिक्विडचं मशीन की मच्छरदाणी? वीज गेली की मशीन बंद, त्यामुळे मी मच्छरदाणीच निवडेन. कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात.

परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर लगेच रक्त तपासा आणि डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, तापासाठी पॅरासिटामॉलच घ्या.