राजघराण्यांच्या छत्र्या: जैसलमेर, जोधपूर की बिकानेर?

राजस्थानची सहल आखताना किल्ले, हवेल्या आणि उंटाची सफर आपोआप यादीत येतात. राजघराण्यांच्या छत्र्या, म्हणजे मेलेल्या राजांच्या स्मरणार्थ बांधलेल्या वास्तू, मात्र ‘वेळ उरला तर बघू’ या सदरात जातात. माझं म्हणणं असं की त्यांच्यासाठी अर्धा दिवस आधीच बाजूला काढा, पण सगळीकडे धावू नका. थरच्या वाळवंटात निवड तीन शहरांमधली आहे: जैसलमेरचा बडा बाग, जोधपूरचं मंडोर (आणि शहरातच असलेला जसवंत थडा) आणि बिकानेरचं देवीकुंड सागर. जोधपूर ते जैसलमेर साधारण २८० किलोमीटर, जैसलमेर ते बिकानेर ३३०, बिकानेरहून परत जोधपूर २५०. चार-पाच दिवसांत तिन्ही शहरं उरकायला गेलात तर गाडीच्या काचेतून बाभळी बघण्यातच निम्मी सहल जाईल.

बडा बाग

फोटोंमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो हा. जैसलमेरपासून सहाएक किलोमीटरवर, रामगढच्या रस्त्याला. सोळाव्या शतकात महारावळ जैतसिंहांनी इथे बांध घालून पाणी अडवलं, त्यांच्या मागे मुलगा लूणकरण याने वडिलांची छत्री उभारली, आणि पुढे भाटी राजांच्या छत्र्या इथेच होत गेल्या. उघड्या टेकाडावर पिवळ्या वालुकाश्माच्या रांगा आहेत. काहींवर घुमट, काहींवर पिरॅमिडसारखी निमुळती छपरं. मागे पवनचक्क्या फिरत असतात. त्यांनी दृश्य बिघडवलं अशी तक्रार बरेच जण करतात. मला त्या खटकत नाहीत. वारा किती मोकळा सुटतो ते त्यांच्यामुळेच कळतं.

लोक येतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि निघतात. खरी बघण्याची गोष्ट छताखाली आहे. तिथे एक उभी शिळा असते. तिच्यावर घोड्यावर बसलेला राजा, त्याच्याजवळ हात जोडून उभ्या असलेल्या स्त्रिया आणि कोरलेला लेख. मराठी माणसाला ही शिळा परकी वाटणार नाही, कारण गावाबाहेरच्या देवळापाशी वीरगळ आणि सतीशिळा आपण पाहिलेल्या असतात. आपल्याकडे सतीच्या शिळेवर बहुधा कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात असतो. इथे अख्खी बाई उभी असते. त्या आकृत्या मोजा. राजाबरोबर चितेवर गेलेल्या बायकांची ती मोजदाद आहे. कुणी ‘केवढा त्याग!’ म्हणून कौतुकाने सांगू लागलं तर माझं मन ते घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. शिळेवर कोरलेल्या त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तिथे उभं राहून पडायलाच हवा.

लेख नागरीत आहेत, त्यामुळे झिजले नसतील तिथे वर्ष वाचता येतं. विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारण इसवी सन मिळतो. जैसलमेरच्या जुन्या लेखांत या घराण्याचा स्वतःचा भाटिक संवतही भेटतो. त्यात ६२३ मिळवायचे.

सावली जवळपास नाहीच. संध्याकाळी गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी वाजते, शाल लागेल.

मंडोर

एकच जागा बघायची असेल तर मी मंडोर सांगेन. १४५९ मध्ये राव जोधांनी जोधपूर वसवलं, त्याआधी मारवाडची राजधानी मंडोर होती. राजधानी हलली तरी राजांचं दहन इथेच होत राहिलं. शहरापासून नऊएक किलोमीटरवर आता इथे सार्वजनिक बाग आहे. सुट्टीच्या दिवशी सहली, डबे, पोरांचा दंगा आणि वानरं. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका.

इथल्या मोठ्या स्मारकांना स्थानिक लोक देवल म्हणतात आणि ती दिसतातही देवळांसारखीच: लालसर दगड, उंच जोतं, नक्षीचे खांब, वर शिखर. अनेकांना ती देवळंच वाटतात. म्हणून नावं विचारत फिरा, कारण नावं कळली की इथला इतिहास आपल्या अंगणात येतो. शाइस्ताखानाची बोटं तुटल्यावर १६६३ मध्ये कोंढाण्याला वेढा घालून बसलेले आणि काही हाती न लागता परतलेले महाराजा जसवंतसिंह शाळेच्या पुस्तकात भेटलेले असतात. त्यांचं देवल इथे आहे. त्यांना मरण आलं १६७८ मध्ये, खैबर खिंडीजवळच्या जमरूदला. मुलगा अजितसिंह त्यांच्या पश्चात जन्मला, औरंगजेबाच्या हयातभर राज्यासाठी झगडला, आणि १७२४ मध्ये पोटच्या मुलाच्या, बख्तसिंहाच्या, हातून मारला गेला. बागेतलं सगळ्यात भव्य देवल या अजितसिंहांचं. आधी जोत्यावर चढण्याची घाई करू नका; बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा, मग त्या शिखराची उंची नजरेत बसते.

जवळच कातळात कोरलेल्या देवांच्या आणि लोकवीरांच्या मोठ्या रंगीत मूर्तींची ओसरी आहे. मुलं तिथे रमतात. पाय चालत असतील तर पंचकुंडालाही जाऊन या. राण्यांच्या छत्र्या तिकडे आहेत आणि पर्यटक जवळजवळ नसतात.

जसवंत थडा

१८९९ मध्ये महाराजा सरदारसिंहांनी वडिलांच्या, म्हणजे दुसऱ्या जसवंतसिंहांच्या, स्मरणार्थ बांधलेली ही पांढऱ्या संगमरवराची वास्तू मेहरानगडाजवळ आहे. वरच्या जसवंतसिंहांशी गल्लत करू नका, मध्ये दोनशे वर्षांहून जास्त अंतर आहे. दगडाच्या काही पट्ट्या इतक्या पातळ आहेत की ऊन पडलं की आतून उजळतात. नीटस आहे, स्वच्छ आहे, इथून किल्ला सुंदर दिसतो. बरोबर वयस्क मंडळी असतील आणि किल्ला बघणारच असाल तर हीच जागा सोयीची. पण मंडोरची सर तिला नाही.

देवीकुंड सागर

बिकानेरपासून आठ किलोमीटरवर, तलावाच्या काठी. राव कल्याणमलांपासूनच्या राठोड राजांच्या छत्र्या इथे आहेत, लाल वालुकाश्मातल्या आणि पांढऱ्या संगमरवरातल्या. बडा बागसारखं भव्य आकाश इथे नाही, मंडोरसारखी उंचीही नाही. इथे मान वर करून बघायचं. महाराजा सुरतसिंहांच्या छत्रीच्या छतावर चित्रं आहेत, महाराजा अनुपसिंहांच्या सोळा खांबी छत्रीत कृष्ण आणि मोर कोरले आहेत. हे अनुपसिंह मुघलांच्या चाकरीत दख्खनमध्ये लढले, तिथल्या कितीतरी संस्कृत पोथ्या बिकानेरला घेऊन गेले आणि १६९८ मध्ये अदोनीला वारले. त्यांचे वडील कर्णसिंह यांच्या नावाचं कर्णपुरा छत्रपती संभाजीनगरमध्ये आहे; नवरात्रात तिथल्या देवीची यात्रा भरते. संभाजीनगरकरांनी तरी देवीकुंड चुकवू नये. ज्यांना शांतपणे, गर्दीविना आणि बारकाईने बघायला आवडतं, त्यांनाही मी इथेच पाठवेन.

तर मग जायचं कुठे?

लहान मुलं, आजी-आजोबा असं अख्खं कुटुंब असेल तर जोधपूरला मुक्काम करा: सकाळी मंडोर, दुपारी किल्ला, उतरताना जसवंत थडा. मुंबईहून जोधपूरला थेट रेल्वे आहे आणि विमानही. वाळवंटाचा मोकळेपणा अनुभवायचा असेल, कॅमेरा गळ्यात असेल, तर जैसलमेर. मात्र फक्त बडा बागसाठी तेवढा लांबचा प्रवास करू नका, सोनार किल्ल्याला आणि वाळूच्या टेकड्यांना जाणारच असाल तर तो सकाळचा पहिला थांबा ठेवा. बिकानेर निवडायचं ते जुनागढ किल्ल्यासाठी सवड असेल तर. अनुपसिंहांचा महाल त्या किल्ल्यात आहे, आणि एकाच दिवसात महाल व छत्री दोन्ही बघता आले तर तो माणूस जास्त कळतो.

जोधपूर-बिकानेर हा टप्पा मोटारीने करणार असाल तर वाटेत नागौर लागतं. तिथे ताऊसर गावी मराठा सरदार जयाप्पा शिंदे यांची छत्री आहे. मारवाडच्या गादीच्या भांडणात रामसिंहाची बाजू घेऊन जयाप्पांनी नागौरला वेढा घातला होता. आत होता विजयसिंह, मंडोरच्या गोष्टीत आलेल्या बख्तसिंहाचा मुलगा. जुलै १७५५ मध्ये मारेकऱ्यांनी छावणीत शिरून जयाप्पांचा खून केला आणि धाकटे भाऊ दत्ताजी यांनी मोहीम पुढे चालवली. नक्षीसाठी किंवा फोटोसाठी कुणी तिकडे वळणार नाही, प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमातही ती नसते. त्यामुळे निघतानाच चालकाला ताऊसरचं नाव सांगून ठेवा आणि तासभर जास्तीचा धरा.