जुन्या इलेक्ट्रिक गाडीची पॉवर का कापली जाते: ओबीडी डोंगल काही महिने वापरून

जुनी इलेक्ट्रिक गाडी सांभाळणाऱ्याने ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये बसवून तिचे आकडे फोनला पाठवणारं छोटं यंत्र) आणि सेलनिहाय व्होल्टेज दाखवणारं ॲप घ्यावं का? घ्यावंच. पण बहुतेक जण ज्या आकड्यासाठी घेतात त्यासाठी नाही. एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत किती टक्के उरली, हा बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने, बांधलेला अंदाज असतो. तापमान आणि चार्जिंगच्या सवयींप्रमाणे तो थोडाफार वरखाली होतो. गाडी चढावर दम का टाकते, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

माझी तक्रार नेमकी हीच होती. चार्ज निम्म्याहून जास्त असतानाही चढावर पाय दाबला की पॉवर उतरायची, डॅशवर पॉवर कमी केल्याची खूण असलेलं कासव उमटायचं, आणि जरा सपाटी आली की गाडी पुन्हा ठणठणीत. सर्व्हिस सेंटरने कोड वाचला, पुसला आणि अख्खा बॅटरी पॅक बदलायला सांगितलं. कोणता सेल, किती व्होल्ट, यावर अक्षर नाही.

माझ्या पॅकमध्ये 96 सेल-जोड्या मालिकेत आहेत. सगळ्यांतून करंट एकच वाहतो, त्यामुळे एकाही जोडीचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली घसरायला लागलं की बीएमएस पूर्ण गाडीची पॉवर कापतो. बाकीच्या 95 कितीही धडधाकट असोत. ॲप लावल्यावर उभ्या गाडीत सगळ्या जोड्या 3.85 व्होल्टच्या आसपास, एका ओळीत. इथे थांबलो असतो तर पॅक निरोगी असल्याचा निकाल देऊन मोकळा झालो असतो. चढावर 200 अँपिअरला मात्र बाकीच्या 3.68 वर असताना 37 नंबरची 3.41 वर आली. उतारावर रीजनमध्ये, म्हणजे वेग कमी करताना मोटर बॅटरी चार्ज करते तेव्हा, उलटं झालं: बाकीच्या 3.92, ही 4.03.

ही खूण ओळखता आली की डोंगलचे पैसे वसूल. लोड असताना खाली आणि चार्ज होताना वर, म्हणजे क्षमता घटलेली नाही, रेझिस्टन्स वाढलाय. 0.27 व्होल्टचा फरक 200 अँपिअरला, म्हणजे सुमारे 1.35 मिलिओहम जादा. ऐकायला किरकोळ, पण त्या करंटला तेवढ्या जागेत 54 वॉट उष्णता होते. करंट निम्मा केला तर उष्णता पावपट. हळू चालवलं की गाडी का कुरकुरत नव्हती, ते इथे कळलं.

दोष सेलच्या आत आहे की बसबारच्या (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) जोडणीत, हे ॲप सांगू शकत नाही, कारण व्होल्टेज मोजणारी तार दोन्ही मिळून मोजते. त्यासाठी पॅक उघडावाच लागतो, आणि ते काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण असलेल्याचंच. तीनशे-चारशे व्होल्ट डीसीशी घरी खेळू नये, सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट तोडणारा प्लग) काढला तरी मॉड्यूलच्या आतलं व्होल्टेज तसंच राहतं. माझ्या बाबतीत मेकॅनिकला बसबारखाली काळपट थर सापडला. साफ करून टॉर्क रेंचने बोल्ट आवळल्यावर 37 नंबर बाकीच्यांत मिसळली.

बाकीच्या खुणाही पाहून ठेवा. एक जोडी जेवढी खाली, शेजारची नेमकी तेवढीच वर असेल, तर आधी मोजणाऱ्या तारेवर संशय घ्या. बॅलन्स झाल्यानंतरही (बीएमएसने सगळे सेल एका पातळीवर आणल्यानंतरही) काही दिवस गाडी उभी ठेवल्यावर एकच सेल मागे पडत असेल, तर तो आतल्या आत डिस्चार्ज होतोय. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकमध्ये मधल्या चार्जला व्होल्टेज इतकं सपाट असतं की उभ्या गाडीतल्या तुलनेतून काहीच निघत नाही; तिथे पूर्ण चार्जच्या आणि तळाच्या जवळच पाहावं लागतं. थंडीत रीजन कमी झालं तर घाबरू नका, गार सेलवर लिथियमचा थर साचू नये म्हणून बीएमएस ते मुद्दाम रोखतो.

आता डोंगलविषयी. अशा डोंगलमध्ये गाडीशी बोलणारी मूळ ईएलएम327 चिप बनवणारी कॅनडाची एल्म इलेक्ट्रॉनिक्स 2022 मध्ये बंद झाली आणि बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. डोंगलने स्वतःची आवृत्ती 1.5 सांगितली तर तो नकली समजा, एल्मने ती आवृत्ती कधी काढलीच नव्हती. माझा पहिला डोंगल त्याच जातीचा. लांब संदेश अर्धवट टाकायचा आणि सगळे सेल वाचायला इतका वेळ घ्यायचा की पहिला सेल चढावर आणि शेवटचा सपाटीवर मोजला जायचा. असा फरक निव्वळ खोटा. चांगल्या डोंगलवरही लोड काही सेकंद स्थिर ठेवून, शेजारी बसलेल्याकडून आकडे टिपून घ्यावेत. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे पाहू नये.

आणखी एक कटकट म्हणजे डोंगल सॉकेटमध्ये सोडला तर 12 व्होल्टची छोटी बॅटरी पितो. ती मरगळली की गाडी एकमेकांशी संबंध नसलेले एरर दाखवते आणि लोक मोठ्या पॅकला दोष देत बसतात. पॅककडे वळण्याआधी तीच तपासा.

माझ्या पॅकची कुरबूर पूर्ण मिटलेली नाही. 61 नंबरची जोडी निम्म्या चार्जला सगळ्यांबरोबर असते, लोडवरही साथ देते, पण 20 टक्क्यांखाली गेलं की एकटीच झपाट्याने उतरते. ही खरी घटलेली क्षमता, इथे साफसफाईचा उपयोग नाही. मॉड्यूल बदलायचं तर मिळत्याजुळत्या क्षमतेचं जुनंच शोधावं लागेल, नाहीतर कितीही तगडं बसवलं तरी पॅक उरलेल्या सर्वांत कमजोर जोडीएवढंच देणार. तोवर पाव चार्ज उरला की मी गाडी चार्जिंगला लावतो.