जुन्या स्टीलच्या सायकलवर चामड्याची सीट: आठ महिन्यांनंतर

सीट बसवली त्याच संध्याकाळी लिहिलं असतं, तर एकच ओळ लिहिली असती: पाटासारखी कडक आहे, माझी चूक झाली. आज आठ महिने झालेत. मीटरवर त्या दिवसापासून २,९०० किलोमीटर चढलेत, आणि आता दुसऱ्या कुणाची सायकल घेतली की पाच मिनिटांत मला माझ्या सीटची आठवण येते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या हाडांना बसलेली सीट तुमच्या हाडांना बसेलच असं नाही, आणि नाव वाचलं की आपण माप घ्यायचं विसरतो. मीही विसरले होते.

सायकल स्टीलच्या फ्रेमची, तिशी ओलांडलेली. हँडल सीटपेक्षा दोन बोटं वर, त्यामुळे पाठ अगदी ताठ नाही आणि फार वाकलेलीही नाही. कामावर जाऊन येऊन रोज बारा किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोन-तीन रविवारी चाळीसेक किलोमीटरची फेरी. मूळची सीट रेक्झिनची होती. आतल्या स्पंजचा भुगा झाला होता आणि डावीकडची स्प्रिंग मुळाशी तुटली होती, म्हणजे बदलणं भागच होतं.

पहिल्या खेपेला मी मऊपणाला भुलले. अंगठ्यानं दाबून बघितली, अंगठा आत गेला, घेतली. जाड जेलची, अडीचशे मिलिमीटर रुंद, खोक्यावर ‘लेडीज’ लिहिलेली. पहिले दोन किलोमीटर सोफ्यावर बसल्यासारखे गेले. अर्ध्या तासानं मांड्या काचायला लागल्या आणि पुढच्या भागाला मुंग्या येऊ लागल्या. वाटलं, सवय होईल. तीन आठवडे झाले तरी झाली नाही, उलट रविवारची फेरी मी काही ना काही कारण काढून टाळायला लागले. तेव्हा मात्र नीट शोधायचं ठरवलं.

सायकलवर बसताना आपला भार दोन हाडांवर यायला हवा. कटीच्या हाडाची ही खालची दोन टोकं; कठीण पायरीवर बसून हात खाली सरकवला की हाताला स्पष्ट लागतात. सीट फार मऊ असली की हाडं तिच्यात रुततात, आणि मधलं जेल वर येऊन दोन हाडांमधल्या नाजूक भागाला दाबतं. नसा आणि रक्तवाहिन्या तिथूनच जातात, म्हणून मुंग्या. शिवाय सीट गरजेपेक्षा रुंद असली तर प्रत्येक पेडलला मांडीची मागची बाजू तिच्या कडेवर घासते. मला हे दोन्ही त्रास एकाच सीटनं दिले.

माप घ्यायला दहा मिनिटं लागतात. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण, बुटक्या पायरीवर ठेवायचा. पातळ कपड्यांत त्यावर बसायचं, गुडघे जरा वर घेऊन थोडं पुढे वाकायचं आणि मिनिटभर हलायचं नाही. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खोलगट ठसे दिसतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील तर दिवा तिरपा धरायचा. दोन्ही ठशांच्या मध्यावर पेननं खूण करायची आणि अंतर मोजायचं. मी तीनदा मोजलं: १३३, १३५, १३४. म्हणजे १३४ मिलिमीटर धरलं. बायकांचं हे माप सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त असतं हे खरं, पण माझ्या भावाला त्याच पुठ्ठ्यावर बसवलं तर त्याचं १३२ निघालं. खोक्यावरच्या ‘लेडीज’वरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

या मापात किती मिळवायचं ते बसण्याच्या पद्धतीवर ठरतं. रेसिंगसारखं खाली वाकून चालवणाऱ्याला दहा मिलिमीटरच्या आत पुरतं, माझ्यासारख्या मधल्या बैठकीला वीस-पंचवीस, एकदम ताठ बसणाऱ्याला तीसच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, पण सुरुवातीला पुरेसा. माझा आकडा १६० च्या जवळपास आला. सीटच्या कडा खाली वळलेल्या असतात, त्यामुळे छापलेल्या रुंदीतली सगळी रुंदी बसायला मिळत नाही. चामड्याच्या सीटला तर मागे धातूची पट्टी आणि रिव्हेट असतात. हाडं त्यांच्या आतल्या बाजूला पडली पाहिजेत. हे सगळं धरून १७५ मिलिमीटर रुंदीची, मागे दोन स्प्रिंग असलेली चामड्याची सीट ठरवली.

चामड्याची सीट गादीवाल्या सीटसारखी नसते. तिच्यात स्पंज नाही, जेल नाही. नाकापासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या पट्टीपर्यंत जाड चामडं झोळीसारखं ताणून बसवलेलं असतं, आणि तेच हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं. ही रचना फार जुनी आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला १८६६ मध्ये चामड्याच्या सामानाचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पहिलं पेटंट घेतलं. आज निरनिराळ्या कंपन्यांच्या चामड्याच्या सीट पाहिल्या तरी मूळ कल्पना तीच दिसते.

आता बसवण्याबद्दल. जुन्या सायकलवाल्यांनी हा भाग सोडू नये, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सीट पोस्ट म्हणजे सीटखालचा, फ्रेममध्ये घुसणारा दांडा; माझी नुसती सरळ नळी आहे, वरच्या टोकाला २२.२ मिलिमीटर. तिच्यावर वेगळा क्लॅम्प बसतो आणि सीटखालच्या दोन सळ्या तो पकडतो. हल्लीच्या बहुतेक पोस्टना वरचं डोकं जोडलेलंच येतं. बऱ्याच जुन्या स्प्रिंगवाल्या सीटना खाली दोन नाही, चार सळ्या असतात, आणि त्या नव्या डोक्यात बसत नाहीत. ब्रुक्स कंपनीच्याच बी-६६ आणि बी-६७ या सीटमध्ये फरक आहे तो हाच: पहिली दुहेरी सळ्यांची, जुन्या क्लॅम्पसाठी, दुसरी एकेरी सळ्यांची. एकेरी सळ्यांची सीट जुन्या क्लॅम्पवरही बसते, म्हणून मी एकेरी सळ्यांचीच घेतली. पोस्ट बदलायची वेळ आली तर ती व्हर्नियरनं मोजूनच घ्या. जुन्या फ्रेममध्ये २५.४, २६.८, २७.२ असे वेगवेगळे आकडे निघतात, आणि ०.२ मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही. बारीक पोस्ट आवळून बसवायला गेलात तर फ्रेमचे कान, म्हणजे पोस्टभोवती बोल्टनं आवळायचे दोन उंचवटे, वाकतात.

माझी पोस्ट गंजून जाम झाली होती. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवली, सकाळी परत तेल, आणि दुसऱ्या संध्याकाळी जुनी सीट धरून पिळली तेव्हा ती करकरत सुटली. आतली नळी कापडानं पुसून, पोस्टला पातळ ग्रीस लावून परत घातली. निदान साडेसहा सेंटिमीटर तरी पोस्ट फ्रेमच्या आत राहिली पाहिजे. जुन्या पोस्टवर मर्यादेची खूण नसते, ती स्वतः करून ठेवा.

खरी डोकेदुखी क्लॅम्पच्या दात्यांची. या क्लॅम्पला दोन्ही बाजूंना खाचांच्या चकत्या असतात. त्या एकमेकींत अडकतात म्हणून सीट पुढेमागे कलत नाही. पण माझ्या चकत्यांचे दाते झिजून गोल झाले होते. पहिल्याच आठवड्यात एका खड्ड्यावर सीटचं नाक कट्‌कन वर आलं. घरी क्लॅम्प उघडून तारेच्या ब्रशनं साफ केला, दात्यांवर बोट फिरवलं तर गुळगुळीत. नवा क्लॅम्प आणला आणि दोन्हीकडचे नट आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा आवळले. एकच बाजू पूर्ण आवळली की दुसरीकडचे दाते नीट बसत नाहीत. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळले, तेव्हा दोन्ही नट पाव फेरा आत गेले. त्यानंतर आजवर हललेले नाहीत.

सीट आधी पाणसळ लावून सपाट ठेवली होती. पण झोळी मध्ये दबते, त्यामुळे बसल्यावर मी पुढे घसरत होते आणि मनगटं दुखत होती. नाक एक दाता वर घेतलं आणि मनगटांचं दुखणं गेलं. पुढे-मागे करायला मात्र चामड्याच्या सीटला जागा कमी मिळते, कारण सळ्यांचा सरळ भाग आखूड असतो. माझ्या फ्रेमची सीटची नळी मागे बरीच कललेली आहे, सीट फार मागे जात होती. क्लॅम्प पोस्टच्या मागच्या अंगाला होता, तो फिरवून पुढे घेतला. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडला आणि पेडल पायाखाली आल्यासारखं वाटलं.

उंचीही नव्यानं लावावी लागते, कारण प्रत्येक सीटची सळीपासूनची जाडी वेगळी. जुनी काढण्याआधी क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजून ठेवलं होतं: ६९.५ सेंटिमीटर. नवी बसवल्यावर ६८ भरलं, पोस्ट दीड सेंटिमीटर वर घेतली. तिसऱ्या महिन्यात चामडं दबल्यावर पुन्हा पाच मिलिमीटर.

पहिला महिना कठीण गेला, ते लपवत नाही. हाडं दुखायची. पण हे दुखणं जेलच्या सीटपेक्षा निराळं होतं: नेमकं दोन ठिकाणी, आणि उतरल्यावर दहा मिनिटांत नाहीसं. मुंग्या एकदाही आल्या नाहीत. त्याच जोरावर मी थांबले. सुरुवातीला रोजच्या बारा किलोमीटरपलीकडे गेले नाही. चामड्याचं खास मेण पहिल्या आठवड्यात एकदा वरून पातळ लावलं, पुढे सहा महिन्यांत आणखी दोनदा. लवकर मऊ व्हावी म्हणून तेलात भिजवायचा सल्ला मला मिळाला होता. तो मानला नाही याचं समाधान आहे, कारण अति तेल प्यालेलं चामडं ताण धरत नाही, लोंबतं. साधारण चारशे किलोमीटरनंतर दुखणं कमी झालं, आठशेला थांबलं. पहिल्या महिन्यात फिकट रंगाच्या सलवारीवर तपकिरी डाग पडले, तेवढं ध्यानात ठेवा.

चौथ्या महिन्यात एका सकाळी तिरप्या उन्हात सीटवर दोन खळगे दिसले. अंगठा ठेवला की बरोबर आत बसेल एवढे. मन लावून बघितलं तर उजवा खळगा डाव्यापेक्षा जवळपास एक सेंटिमीटर मागे. आधी वाटलं, माझ्याच कंबरेत काही वाकडं आहे. मग हँडलच्या स्टेमच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरा ताणून धरला. सीटचं नाक दोऱ्याच्या डावीकडे सहा मिलिमीटर होतं. मी सरळ बसत होते, सीट वाकडी होती. नाक डावीकडे गेल्यानं उजवी बाजू पुढे सरकली होती, म्हणून उजवं हाड तिच्यावर मागे टेकत होतं. डाव्या मांडीच्या आत अधूनमधून लाल पट्टा उठायचा, त्याचंही कारण हेच. पोस्ट आवळताना नुसत्या नजरेनं लावली होती. दोऱ्यानं सरळ केली आणि पट्टा आठवडाभरात गेला. उजवा खळगा आता पुढच्या बाजूला पसरलाय. दोन्हींत अजून थोडा फरक आहे, पण बोटानं शोधावा लागतो.

तक्रार आहे ती पाण्याची. पाचव्या महिन्यात पावसात सापडले, जवळ कव्हर नव्हतं. मडगार्ड असल्यानं खालून चिखल उडाला नाही, पण वरून चामडं चिंब झालं. ओल्या चामड्यावर बसलं की ते ताणलं जातं, म्हणून उरलेला रस्ता सायकल ढकलत नेली. सीट काढून दोन दिवस सावलीत वाळवली. ऊन किंवा हीटर लावला तर चामडं तडकतं. ते दोन दिवस जेलची सीट परत चढवली होती. दुसऱ्या दिवशीच मुंग्या आल्या. तेव्हापासून कव्हर सीटखालीच बांधलेलं असतं.

नाकाखाली ताण वाढवायचा एक बोल्ट आहे. मी त्याला अजून हात लावलेला नाही. चामडं खरोखर सैल पडलं तरच पाव फेरा, एवढंच करायचं आहे. डावी स्प्रिंग सातव्या महिन्यात कुरकुरायला लागली. वेटोळी जिथे एकमेकींना घासतात तिथे मेण लावलं, थांबली. वजन पाऊण किलोच्या वर आहे, पण या सायकलवर ते जाणवत नाही.

ज्यांची सायकल दिवसभर उघड्यावर भिजते, किंवा ज्यांना पहिला महिना काढणं शक्य नाही, त्यांनी ही घेऊ नये. चामडं नकोच असेल त्यांनी घट्ट फोमची, आपल्या मापाची सीट बघावी. पुठ्ठा, दाते, दोरा हे सगळं तिलाही तसंच लागू आहे. आमच्या घरात भावासाठी आता तीच घेतोय. त्याचा १३२ चा पुठ्ठा जपून ठेवलाय, पण त्याचं हँडल माझ्यापेक्षा बरंच खाली आहे, त्यामुळे रुंदीचा आकडा नव्यानं काढावा लागेल.