अलर्ट येतोय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं समजू नका, आमची फसवणूक वाचा

गावाकडं आई-वडील दोघंच, मुलं पुण्या-मुंबईला आणि मधे दुवा म्हणून सीसीटीव्ही, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत म्हणून हे लिहितेय. आमच्या मिरजेजवळच्या घरातून हौदावरची मोटर, स्टार्टर, केबल आणि परसातला तांब्याचा बंब रात्रीत गेला. चार कॅमेरे असून हातात काय उरलं, तर माझ्या मोबाईलवरचा एक फोटो, त्यात अर्धा पाय आणि एक पांढरा डाग. चोर तर चोरच, पण मला खरा राग कॅमेरेवाल्याचा आलाय.

पॅकेज असं होतं: 4 कॅमेरे, 2 मेगापिक्सेल फुल एचडी, 1 टीबी हार्डडिस्क, "30 दिवसांचं रेकॉर्डिंग गॅरंटी", मोबाईलवर अलर्ट आणि वर्षाला एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. बिल मागितलं तर "काका, जीएसटीचं पाहिजे तर 18 टक्के वर लागतील" म्हणून साध्या लेटरहेडवर सही-शिक्का मारून दिला. दुकानाचं नाव घेत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

अलर्ट पहाटे अडीचच्या आसपासचा होता, मी सकाळी बघितला. ॲपमध्ये प्लेबॅक उघडलं तर कोरं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे ताई नेट स्लो असेल. मग चुलतभाऊ जाऊन डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला, टीव्ही जोडून बसला, कॅलेंडर उघडलं तर गणपतीनंतर एकाही तारखेवर रेकॉर्डिंगची खूण नाही, आणि चोरी झाली दिवाळी होऊन गेल्यावर! हार्डडिस्क मधेच कधीतरी मेलेली आणि घरात कुणाला पत्ता नाही.

पत्ता लागणार कसा, कारण लाईव्ह चित्र बघायला आणि अलर्ट यायला हार्डडिस्क लागतच नाही. डीव्हीआर कॅमेऱ्याचं चित्र घेतो आणि तसंच नेटवरून मोबाईलला पाठवतो, डिस्क काढून बाजूला ठेवली तरी आई अंगणात तुळशीला पाणी घालताना मला पुण्यात दिसणारच. मोशन अलर्टही तसाच, चित्रात हालचाल जाणवली की एक फ्रेम उचलून मोबाईलला पाठवून दिली, संपलं. त्या फोटोमागं व्हिडिओ असतोच असं नाही. फोटोही बऱ्याचदा कमी रिझोल्यूशनचा असतो, मोबाईलवर छोटा बघताना बरा वाटतो, मोठा केला की नुसते चौकोन. त्यात रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात चालणारा माणूस फराटा येतो आणि फार जवळ आला तर चेहरा पांढराफटक पडतो. आमच्यात तर तो फ्रेमच्या बाहेर निघालेला असताना फोटो निघालाय.

डिस्क बिघडली की डीव्हीआर बीप बीप करायला लागतो, ती सोय असते. पण आमच्यात बझर सेटिंगमधून बंद. आमचे वडील, आण्णा सांगतात, मधे एकदा लय आवाज करत होता तर दुकानातला पोरगा आला, काहीतरी दाबलं आणि "झालं काका" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला! त्यानंतरच्या एएमसीच्या कागदावर "एचडीडी ओके", म्हणजे हार्डडिस्क ठीक, असं लिहून खाली आण्णांची सही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

मग ती डिस्क सांगलीत एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडं नेली. त्यानं पीसीला लावून स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काढला, त्यात पॉवर-ऑन अवर्स म्हणून एक आकडा असतो, डिस्क आजवर किती तास चालू होती त्याचा. आमचा 31,000 च्या वर. आता घरात बसवून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि दोन वर्षं रात्रंदिवस चालली तरी 17,520 तासच होतात की! म्हणजे कुठल्यातरी ऑफिसच्या पीसीतून काढलेली डिस्क नव्या स्टिकरनं आमच्या गळ्यात मारली. सीसीटीव्हीसाठी वेगळ्या सर्व्हेलन्स डिस्क मिळतात, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या, ही साधी डेस्कटॉपची. सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला तर वॉरंटी आमच्या खरेदीच्या आधीच संपलेली.

नवीन डिस्क घालून सेटिंग बघितलं तर पुढचा घोळ. रेझोल्यूशन 1080एन, म्हणजे 1920 च्या जागी आडवे साधारण 960 च पिक्सेल, नावात 1080 आहे म्हणून फुल एचडी म्हणून खपवतात. शेड्यूल फक्त मोशनवर, म्हणजे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, आम्हाला सांगितलं होतं चोवीस तास. आणि मोशनच्या चौकटीतून हौदाकडची सगळी बाजू खोडलेली, का तर आंब्याच्या फांद्या हलून सारखे अलर्ट येतात अशी आईनं तक्रार केली होती त्यावर पोरानं हा उपाय केलेला. म्हणजे डिस्क धडधाकट असती तरी हौदाकडचं काही उमटलंच नसतं.

आता त्या 30 दिवसांचा हिशोब बघा. 2 मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला एच.264 मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत) सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे 4 एमबीपीएस बिटरेट धरला तर दिवसाला साधारण 43 जीबी, चार कॅमेऱ्यांचे 170 च्या वर, 1 टीबी सहा दिवसांच्या आतच भरते आणि मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं. त्यापुढच्या एच.265 पद्धतीला निम्मा बिटरेट धरा, तरी अकरा-बारा दिवस. तेवढ्याच डिस्कमध्ये चोवीस तासांचं 30 दिवस कोण देत असेल तर चित्राचा चोथा केल्याशिवाय देऊच शकत नाही.

आणि चेहरा ओळखू यायला, म्हणजे अनोळखी माणूस पक्का ओळखायला, मीटरला 250 पिक्सेल असा निकष या क्षेत्रात वापरतात. नेहमीची 2.8 एमएमची रुंद लेन्स घेतली तर खऱ्या फुल एचडीलाही तो जेमतेम तीन मीटरपर्यंत मिळतो. आमचं गेट त्याच्या कितीतरी लांब. म्हणजे गेटवर एक जास्तीचा, लांबच्या लेन्सचा कॅमेरा लागणार हे दुकानदाराला माहीत असणार, पण पॅकेज चारचं.

पोलिसांनी शेवटी शेजाऱ्यांचं फुटेज घेतलं, त्यांच्या डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं, त्याचा वेगळा पंचनामा. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं असं हवालदारांनी सांगितलं. पूर्वी पुरावा कायद्यात 65बी होतं ते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आलं, आता त्यात हॅश व्हॅल्यूपण (फाईलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा आकडा) लिहावी लागते. मूळ यंत्राऐवजी कॉपी दिली तर ते प्रमाणपत्र हवंच हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात सांगितलंय, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, तिथंही भांडण व्हिडिओ रेकॉर्डिंगवरूनच. त्यामुळं व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली क्लिप देऊन भागत नाही, मूळ डीव्हीआरला हात न लावता ठेवा.

दुकानदार अजून एकच धरून बसलाय, "ताई, अलर्ट आला होता ना तुम्हाला? मग सिस्टीम चालू होती." आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार टाकली, त्यावर त्यानं अर्धे पैसे द्यायची तयारी दाखवली पण लेखी द्यायला नाही म्हणाला, मग जिल्हा आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्याकडं जीएसटी बिल नसलं तरी लेटरहेड, ऑनलाईन दिलेला ॲडव्हान्स आणि तो "एचडीडी ओके"चा कागद आहे, आणि वकील म्हणतात त्या कागदावरच सगळं फिरणार आहे. मिरज-सांगली भागात कुणी असलंच 4 कॅमेरे 30 दिवसवालं पॅकेज घेतलं असेल तर आज रात्रीच प्लेबॅकमध्ये मागच्या आठवड्यातली एखादी तारीख उघडून बघा, आणि एएमसीच्या पावत्या रद्दीत घालू नका.