गेकोच्या पुढच्या टँकचे पैसे आधी भरू नका

आम्ही डॅलसजवळ अर्व्हिंगला राहतो. गेल्या वर्षी लेकाच्या दहाव्या वाढदिवसाला क्रेस्टेड गेकोचं (पाळीव पालीची एक जात) पिल्लू आणलं, जेमतेम ३ ग्रॅमचं, नाव ठेवलं चिकू. आई फोनवर म्हणाली, पाल पाळलीस? पण लेक वर्षभर मागे लागला होता. इथे सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन भरतं तिथल्या एका स्टॉलवरून घेतलं, पिल्लू धडधाकट होतं, त्याबद्दल काही तक्रार नाही. फसवलं ते टँकच्या, म्हणजे त्याला ठेवायच्या काचेच्या पेटीच्या बाबतीत.

तो माणूस म्हणाला की पिल्लाला एकदम मोठा टँक दिला तर त्याला त्याचं खाणं सापडत नाही, म्हणून आधी छोटा प्लॅस्टिकचा डबा, १२ ग्रॅमच्या आसपास झालं की १२ बाय १२ बाय १८ इंचाचा काचेचा टँक, आणि २५ ग्रॅमनंतर १८ बाय १८ बाय २४ चा, उभाच हवा कारण हे झाडावर चढणारे प्राणी. हे सगळं बरोबरच आहे, मी नंतर व्हेटलाही विचारलं, आणि तिथेच आम्ही फसलो, माहिती इतकी नीट देणारा माणूस पैशात खोटं वागेल असं डोक्यातच आलं नाही. त्याचं ‘ग्रोथ पॅकेज’ होतं, १८० डॉलर आत्ता भरा, चिकू वाढेल तसा पुढचा टँक घरी आणून देतो. वर एक गरम होणारा दगड पण गळ्यात मारला, खरं तर यांना ७२ ते ७८ फॅरनहाइट पुरतं, घरात तेवढं असतंच, उलट उष्णतेचाच त्रास होतो. पैसे झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पाठवले. पावती मागितली तर टेक्स्टवर फक्त ‘पेड’ एवढंच.

सात महिन्यांनी चिकू १२ ग्रॅमचा झाला. चार फोन केल्यावर एक जुना टँक दारात ठेवून गेला, टेप लावून बघितलं तर ८ बाय ८ बाय १२ आणि पुढच्या दाराची कडी सैल. म्हणाला आठवडाभर चालवा, मग बदलून देतो, आणि डबा खरंच लहान पडत होता म्हणून मी चिकूला त्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी टँक रिकामा. रात्री वॉशिंग मशीनच्या मागे सापडला, लेकाने घाईत धरला आणि शेपटी तुटून हातात आली. क्रेस्टेडची शेपटी परत येत नाही, घरातल्या पालीसारखं नसतं. लेक किती रडला ते काय सांगू, अजून म्हणतो माझ्यामुळे झालं, आणि त्या माणसावर माझा खरा राग त्यासाठीच आहे.

त्यानंतर नंबर ब्लॉक. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत, प्रदर्शनवाल्यांनी हात वर केले.

मग दुकानातून टँक घेतला, क्रेडिट कार्डवर, टेपने मापं घेऊन, आणि दाराच्या फटीत कार्डाची कड जातेय का तेही बघून. आता दर रविवारी चिकूला किचनच्या काट्यावर डब्यात ठेवून वजन करतो आणि वहीत लिहितो, आकडा बघूनच पुढचा टँक घ्यायचा, त्याआधी कुणालाही एक डॉलर नाही. सध्या १९ ग्रॅम आहे.

मागच्या महिन्यातल्या प्रदर्शनात तोच माणूस होता, स्टॉलवर नाव दुसरं, पॅकेज तेच. समोर एक लहान मुलगी आणि तिचे बाबा उभे होते, मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं.