महिन्याला हजार रुपये: इंद्रजाल घ्यावं की जुन्या रहस्यकथा?

साडूंच्या मुलाला नोकरी लागली आणि पहिल्या पगाराबरोबर माझंच खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. "काका, महिन्याला हजारभर बाजूला काढतो. वेताळ-मॅण्ड्रेकचे जुने अंक घेऊ, की तुमच्यासारख्या त्या पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा?" मी तेव्हा आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो, त्यामुळे "घरी ये, बोलू" एवढंच म्हणालो. तो अजून आलेला नाही. त्याच्यासारखे आणखीही कोणी असतील, म्हणून लिहून ठेवतो.

दोन्ही मी केलंय. पाच-सहा वर्षं इंद्रजाल कॉमिक्सच्या, म्हणजे वेताळ (इंग्रजीतला फॅण्टम) आणि जादूगार मॅण्ड्रेकच्या त्या अंकांच्या मागे पळालो, मग हळूहळू रहस्यकथांकडे सरकलो. तेव्हा माझं पारडं थोडं कललेलं आहे, हे धरूनच पुढे वाचा.

इंद्रजालचा मोह कुणाला समजावून सांगायला नको. आमच्या वाड्यात सुट्टीत एक अंक यायचा आणि दहा हातांतून फिरून परत जाईपर्यंत त्याचे कोपरे गोल झालेले असायचे. बी. गोविंद यांची मुखपृष्ठं तर अशी, की आत काय आहे ते न बघता भिंतीवर लावावीत. पण जमवणाऱ्याला खरा चटका लागतो तो मोजदादीचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, साठ पैशांना अंक, आणि १९९० मध्ये ती बंद पडली. इंग्रजीतले क्रमांक ८०५ पर्यंत जातात. त्यातले १२३ आणि १२४ संपामुळे छापलेच गेले नाहीत, म्हणजे अंक ८०३. (हे दोन कोणी विकायला काढले तर हात जोडून पुढे जा.) माणसाच्या हातात असा पक्का आकडा दिला की त्याची झोप उडाली म्हणून समजा. जमवायला लागलं की पहिले शंभरेक अंक भराभर मिळतात, ते ऐंशीच्या दशकातले असतात. मग रिकाम्या जागा दिसायला लागतात आणि जागा जितकी जुनी तितकी महाग. हजार रुपयांत मला कधी महिन्याला चार अंक मिळायचे, कधी एक.

रहस्यकथांना असा शेवट नाही. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर लिहिल्या. गुरुनाथ नाईक तर त्याच पंगतीतले. सुहास शिरवळकर आहेत, भयकथा चालत असतील तर नारायण धारप आहेत. माझ्याकडच्या कितीतरी प्रतींवर प्रकाशनाचं साल सुद्धा नाही. किंमत बघायची, मागच्या पानावरच्या जाहिराती बघायच्या आणि अंदाज बांधायचा. 'सेट पूर्ण झाला' असं इथे कधीच म्हणता येत नाही. काहींना याचाच त्रास होतो, ते मी समजू शकतो. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

तरी इंद्रजालचा भाव मी सोसला असता, रिकाम्या जागाही सोसल्या असत्या. मला त्यापासून तोडलं ते मधल्या पानाने.

इंद्रजालचा अंक कसा शिवलेला असतो ते आठवा. मोठे कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले आणि दुमडीवर दोन पिना. सगळ्यात आतला कागद म्हणजे गोष्टीची चार पानं, आणि पिनांची वळवलेली टोकं नेमकी त्याच्यावर. पिना गंजल्या की माझ्या बघण्यात तरी आधी याच कागदाची भोकं मोठी होतात. एक दिवस तो अलगद निसटतो. बाकीचा अंक बाहेरून इतका धडधाकट दिसतो, की काही गेलंय हे विकणाऱ्यालाही कळत नाही. किंवा कळत असावं.

एकदा फोनवरून एक अंक घेतला. नऊशे रुपये आणि वर कुरिअर. पुढच्या-मागच्या कव्हरचे फोटो झकास होते. पाकीट उघडून वाचायला बसलो, तर डावीकडच्या पानावर वेताळ घोड्यावरून उतरतोय आणि उजवीकडच्या पानावर चार गुंड खांबाला बांधलेले. मधली मारामारीच गायब! अहो, त्या मारामारीसाठीच तर पैसे मोजले होते. विकणाऱ्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "वाचायला घेतला होता का सर? कलेक्शनवाले कव्हर बघतात." भांडण झालं नाही. पण हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्याच वर्षी आणखी तीन अंक असेच निघाले. मग मी शहाणा होऊन आधी मधल्या पानाचा फोटो मागायला लागलो. तर फोटो येईपर्यंत अंक दुसऱ्याच कोणी उचललेला असायचा. ज्याला वाचायचं नाही त्याला थांबायचं कारण नाही, आणि या बाजारात असेच गिऱ्हाईक जास्त.

यातली दुसरी भानगड बाईंडिंगची. लायब्ररीवाले दहा-दहा अंक एकत्र शिवून घ्यायचे आणि कडा कटिंग मशीनवर साफ करायचे. त्यात कधी संवादाचा फुगाच अर्धा गेलेला असतो. हवा असतो एक अंक आणि घ्यावं लागतं सगळं गाठोडं.

रहस्यकथाही खराब होतातच, नाही कशाला म्हणू? त्यांचा कणा सुटतो आणि पानं पुढून-मागून गळतात. म्हणजे जायचं तर शेवटचंच पान जातं, आणि खुनी कोण हे कळायच्या आत पुस्तक संपतं! माझ्या पहिल्या चाळीसात अशी पाच होती. पण यात दोन गोष्टी बऱ्या. पुस्तक हातात असतं, शेवटचं पान दुकानात उभ्या-उभ्या बघता येतं. आणि फसलोच, तर दुसरी प्रत स्वस्त पडते. एका पुस्तकाची प्रत मला दीड वर्षाने तीस रुपयांना मिळाली. मधल्या काळात आमच्या सौभाग्यवतींनी खुनी कोण ते सांगून टाकलं होतं, आणि बरोबर निघालं. नऊशेच्या अंकाची दुसरी प्रत मी आजतागायत घेऊ शकलेलो नाही.

सोलापुरात बसून हे करायचं असेल तर रहस्यकथांच्या बाजूने आणखी एक वजन पडतं. इथे मिल होत्या, पाळ्या होत्या, आणि पाळी सुटल्यावर वाचायला भाड्याची पुस्तकं होती. वडील मिलमधून येताना पिशवीत डब्यासोबत एक रहस्यकथा आणायचे, दुसऱ्या दिवशी परत करायच्या बोलीवर. ती सगळी पुस्तकं अजून शहरातच कुठेतरी आहेत. चाळीतली, वाड्यातली माणसं जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये जायला निघाली की पोती बाहेर पडतात. दिवाळीच्या साफसफाईआधीचे दोन आठवडे मी मंगळवार पेठेतली आणि अशोक चौकाकडची रद्दीची दुकानं चुकवत नाही. पोत्यात वेताळ निघाला, तर दुकानदार आधी मोबाईल काढतो. "सर, हे वेताळाचं हाय की ओ, याचा रेट येगळा." त्याच पोत्यातल्या रहस्यकथांकडे तो बघतही नाही. "ते घ्या की ओ, वीस-वीस द्या." अर्नाळकरांच्या फार जुन्या प्रतींना अलीकडे भाव येतोय, तेवढा अपवाद धरा.

या पोत्यांत चांदोबाही सापडतो, आणि आपलं गाव सोलापूर असल्यामुळे तो कधी मराठी असतो, कधी तेलुगू, कधी कन्नड. चित्रं तीच, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ तोच. ज्याला वाचण्यापेक्षा चित्रांची ओढ जास्त, त्याने इंद्रजालच्या आधी चांदोबाकडे बघावं, असं मी भीत-भीत सुचवेन. त्यावर वेगळं लिहिता येईल.

कागदाच्या बाबतीत मात्र रहस्यकथा सपशेल हरतात. मिळेल त्या स्वस्त कागदावर छापलेल्या त्या, पान उलटताना कोपरा हातात येतो. आपल्या कोरड्या हवेचा फायदा एवढाच, की बुरशी कमी धरते आणि पिना मुंबईकडून आलेल्या अंकांइतक्या गंजत नाहीत. उलट एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की कागद पापडासारखा होतो. पत्र्याच्या घरात माळ्यावर काहीही ठेवू नका. मी खालच्या खोलीत ट्रंकेत ठेवतो, विरलेल्या चादरीत गुंडाळून, कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे. फाटलेल्याला सेलोटेप लावायची नाही, ती तपकिरी होते आणि सुटताना अक्षरं घेऊन जाते. मैद्याची पातळ खळ करायची, बाईंडर लोक घालतात तसा चिमूटभर मोरचूद घालायचा (हात धुवा, विषारी असतो) आणि पातळ कागदाची पट्टी लावायची.

इंद्रजाल घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. लहानपणी हातातून गेलेले ठरावीक दहा-बारा अंकच परत हवे असतील, तर जरूर घ्या, पण समोरासमोर घ्या आणि मधल्या पिनेपाशी अंक उघडून बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका. पुण्याला जाणं होत असेल तर तिथे बघा, पान न पान चाळू देणारे विक्रेते मला तिथेच भेटले. अनुक्रमांक जुळवत बसायचं असेल, तर पुढच्या काळात अंकांवर क्रमांकाऐवजी खंड आणि अंक छापायला लागले हेही लक्षात असू द्या, नाहीतर एकच अंक दोनदा घ्याल. मी घेतलाय. आणि आठशेच्या मागे लागणार असाल, तर हजाराचं बजेट पहिल्या वर्षातच मोडेल, असं आपलं मला वाटतं. त्याच हजारात मी रद्दीच्या दुकानातून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणण्याइतकी पुस्तकं आणतो आणि रविवारी दुपारी त्यातलं एक वाचून संपवतो. शेवटच्या पानासकट.

तो नऊशेचा अंक ट्रंकेतच आहे. एका भल्या माणसाने त्याच्या प्रतीतल्या मधल्या चार पानांची झेरॉक्स पोस्टाने पाठवली, ती घडी घालून आत ठेवली आहे. त्यामुळे वेताळ आता घोड्यावरून उतरतो, चार पानं काळ्या-पांढऱ्या कपड्यांत मारामारी करतो आणि पुढच्या पानावर पुन्हा जांभळा होतो.